नान-खलियाचं त्रैराशिक

छत्रपती संभाजीनगरची ओळख असलेला नान-खलिया, म्हणजे नानसोबतचा मटणाचा रस्सा, खरा खुलतो तो मोठ्या देगीत. घरी 10 जणांना 2 किलो मटण लागत असेल, तर लग्नातल्या 250 जणांना किती? क्ष = 2 × 250 ÷ 10, म्हणजे 50 किलो. भास्कराचार्यांनी 1150 साली ‘लीलावती’त हेच त्रैराशिक शिकवलं: फळाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा. इथे 10 हे प्रमाण, 2 फळ आणि 250 इच्छा. या भास्कराचार्यांची खूणही याच वाटेवर आहे: छत्रपती संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरला की चाळीसगावजवळ पाटण लागतं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख तिथे आहे.

मटण, कांदा, दही यांना त्रैराशिकाचा हा नियम चोख लागू पडतो. पाण्याला मात्र नाही, आणि रस्सा बिघडतो तो इथेच. वाफ भांड्याच्या तोंडातून जाते. देग सगळ्या बाजूंनी दुप्पट केली, तर आत 8 पट रस्सा मावतो, पण तोंडाचं क्षेत्रफळ 4 पटच होतं. त्यामुळे तेवढ्याच वेळात रश्श्याच्या मानाने पाणी निम्मंच आटतं. म्हणून हिशेबाचं सगळं पाणी एकदम ओतू नका. मीठ-तिखटही थोडं हातचं राखा आणि चाखून वाढवा.