विश्लेषण : जुने जपानी पुस्तक जपानी माणसालाच का वाचता येत नाही?

जपानमधील ग्रंथालयांनी शेकडो वर्षांपूर्वीची पुस्तके आणि चित्रे इंटरनेटवर खुली केली आहेत. मोबाइलवर ती फुकट पाहता येतात. वाचणे मात्र अवघड, आणि ही अडचण फक्त परदेशी अभ्यासकांची नाही.

कुझुशिजी म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकापर्यंत जपानी हस्तलिखितेच नव्हे, तर लाकडी ठशांवर छापलेली पुस्तकेही ‘कुझुशिजी’ या वळणदार, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत असत. एकाच उच्चारासाठी अनेक अक्षरे चालत. १९०० मध्ये शाळांसाठी प्रत्येक उच्चाराला एकच हिरागाना अक्षर ठरले आणि पुढच्या पिढ्यांना आजोबांची पुस्तके परकी झाली. आपल्याकडे मोडीचे झाले तसेच. पेशवे दफ्तरातील रुमाल शाबूत आहेत, ते वाचणारे मोजके.

मग वाचायचे कसे?

थायलंडच्या संशोधक तारिन क्लानुवात आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘मिवो’ हे मोफत ॲप आणले. दहा लाखांहून अधिक अक्षरांचे नमुने जपानी संस्थांनी आधीच खुले केले होते. संगणकाला त्यांवर शिकवता आले. पानाचा फोटो काढला की जुन्या अक्षरांवर आजची अक्षरे उमटतात. चुका होतात. शिवाय हे भाषांतर नव्हे. जपानी यायलाच हवी.

शोध कुठून सुरू करावा?

२०२० पासून सुरू असलेल्या ‘जपान सर्च’वर ग्रंथालये, संग्रहालये आणि अभिलेखागारे एकत्र धुंडाळता येतात. इंग्रजी पान आहे, पण नाव जपानी लिपीत टाकल्यास बरेच अधिक हाती लागते. टोकियोच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयातील स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके जगभर उघडतात. बाजारात न मिळणारी, पण हक्क शिल्लक असलेली अनेक पुस्तके २०२२ पासून घरबसल्या वाचता येतात. ही सोय जपानमध्ये राहणाऱ्या नोंदणीकृत वाचकांसाठी आहे.

चित्रांचे काय?

इथे भाषा फारशी आडवी येत नाही. जॉन रेसिग या अमेरिकी प्रोग्रामरने २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘उकियो-ए डॉट ऑर्ग’वर दोन लाखांहून अधिक ठसेचित्रे आहेत. फोटो चढवा, तेच चित्र कोणकोणत्या संग्रहालयांत आहे ते समोर येते. होकुसाईची सुप्रसिद्ध लाट टाकून पाहा. ठसा झिजत गेला तशी उशिराच्या प्रतींत शीर्षकाच्या चौकटीची रेघ तुटलेली दिसते.