झाड जपानचे, पंचांग येवल्याचे

जपानच्या शिकोकू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर कागावा नावाचा प्रांत आहे, क्षेत्रफळाने देशातला सर्वांत लहान. दोन्ही बाजूंच्या डोंगररांगा पावसाचे ढग अडवतात, त्यामुळे जपानच्या मानाने इथला पाऊस तुटपुंजा. शेती जगवायची म्हणून इथल्या लोकांनी शतकानुशतके तलाव बांधले. आज त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध मान्नो तलावाची दुरुस्ती ८२१ मध्ये कूकाई या बौद्ध भिक्षूच्या देखरेखीखाली झाली. याच प्रांतातल्या ताकामात्सू शहराच्या किनाशी आणि कोकुबुंजी या भागांत भाजीपाल्यासारखे वाफे करून शेतात पाइन लावतात. जपानमध्ये तयार होणाऱ्या पाइन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के झाडे या एका परिसरातून येतात, आणि काळा पाइन हे त्यांतले मानाचे झाड.

ही माहिती येवल्यातल्या माणसाने नीट ऐकावी अशी आहे. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस येवल्यापर्यंत येता येता पाचशेच्या घरात उतरतो. पालखेडच्या डाव्या कालव्याचे आवर्तन कधी सुटणार, यावर इथले पीक ठरते. शेततळे हा इथला आधार. पाण्याची ओढ, निचऱ्याची जमीन आणि हातात कात्री धरलेला शेतकरी एवढ्यावर कागावात पाइनची विद्या उभी राहिली. मग तेच झाड येवल्यात होईल का? माझ्या मते होईल. मात्र त्यासाठी जपानी पुस्तकातल्या महिन्यांवर विसंबून चालणार नाही. ते महिने नव्याने मांडावे लागतील, आणि ते कसे मांडायचे हे नाशिक जिल्ह्याला फार दिवसांपासून ठाऊक आहे.

किनाऱ्यावरचे झाड

काळ्या पाइनचे शास्त्रीय नाव पायनस थुनबर्गी. १७७५ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर म्हणून नागासाकीला आलेल्या कार्ल पेटर थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ ते दिले गेले. जपानी लोक या झाडाला कुरोमात्सु म्हणतात. होन्शू, शिकोकू आणि क्यूशू बेटांचे किनारे आणि कोरियाची दक्षिण किनारपट्टी हे त्याचे घर. सुया दोन-दोनच्या जोडीने येतात, जाड, ताठ आणि टोकाला बोचणाऱ्या. शेंड्यावरची कळी पांढरी असते. त्या कळीवरून आणि काळपट, भेगाळत जाणाऱ्या सालीवरून झाड ओळखता येते.

खारा वारा, उडती वाळू आणि कडक ऊन सोसणारे झाड म्हणून जपानी गावांनी ते किनाऱ्यावर रांगांनी लावले, शेतीला वाऱ्याचा आडोसा व्हावा म्हणून. रिकुझेनताकाता शहराच्या किनाऱ्यावर अशी सुमारे ७० हजार झाडे होती, त्यांत काळे आणि तांबडे पाइन मिसळलेले. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत ते बन वाहून गेले आणि एकच झाड उभे राहिले. मुळांत खारे पाणी मुरल्याने पुढच्या वर्षी तेही वाळले. शहराने त्याचे खोड जतन करून स्मारक म्हणून पुन्हा उभे केले.

ताकामात्सूच्या रित्सुरिन बागेत सुमारे १,४०० पाइन आहेत आणि त्यांतल्या हजारेक झाडांची छाटणी हाताने होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या छाटणीने तिथले काही काळे पाइन चौकोनी पेटीच्या आकाराचे झाले आहेत. या झाडाचा स्वभाव तिथे दिसतो. ते दांडगे आहे, जोमाने वाढते, आणि ज्याला छाटणीची वेळ कळते त्याचे ऐकते.

एका वर्षात दोन वसंत

बोन्साय करणाऱ्यांसाठी काळ्या पाइनची मोठी अडचण म्हणजे त्याच्या सुया. मोकळ्या झाडावर त्या सहज दहा-बारा सेंटिमीटर होतात. दोन फुटी झाडावर एवढ्या लांब सुया ठेवल्या तर झाड झाडासारखे दिसत नाही. शिवाय सगळा जोर शेंड्याकडे आणि फांद्यांच्या टोकांकडे धावतो. आतल्या आणि खालच्या फांद्या उपाशी राहतात आणि एक दिवस वाळतात.

यावरचा उपाय जपानी कारागिरांनी झाडाच्या स्वभावातूनच काढला. वसंतात पाइनच्या कळ्या उभ्या कोंबांत वाढतात. हे कोंब मेणबत्तीसारखे दिसतात म्हणून बोन्सायवाले त्यांना ‘कँडल’ म्हणतात. निरोगी झाडावरचे हे कोंब उन्हाळ्याच्या मध्याला, जपानात जून अखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, बुडापासून कापतात. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी नवे डोळे फुटतात आणि झाड त्याच वर्षी दुसऱ्यांदा पालवते. या दुसऱ्या पालवीला वाढायला थोडेच दिवस मिळतात, म्हणून सुया आखूड राहतात आणि एका टोकाच्या जागी दोन-तीन टोके येतात. म्हणजे एकाच कापणीत सुया लहान होतात आणि फांदी दाट होते.

हिशेब असतो तो दिवसांचा. कापणीनंतर थंडीने वाढ थांबेपर्यंत साधारण शंभर दिवस हाताशी हवेत. मोठ्या झाडाला थोड्या लांब सुया शोभतात म्हणून ते आधी कापतात, तळहाताएवढे झाड उशिरा. एकाच झाडावरही दुबळे कोंब आधी आणि जोमदार कोंब आठ-दहा दिवसांनी कापतात. दुबळ्याला जास्त दिवस मिळतात आणि दोघे बरोबरीला येतात. शरद ऋतूत प्रत्येक टोकावर दोनच डोळे राखून बाकीचे काढतात. जुन्या सुया उपटताना शेंड्यावर कमी आणि खालच्या फांद्यांवर जास्त ठेवतात. खताचाही नेम आहे: वसंतात भरपूर, कापणीनंतर बंद, आणि नव्या सुया पक्व झाल्यावर पुन्हा सुरू.

दोन गोष्टी विसरून चालत नाही. आजारी झाडाचे किंवा त्याच वर्षी कुंडी बदललेल्या झाडाचे कोंब कापायचे नाहीत. आणि फांदी छाटताना तिच्यावर हिरव्या सुया राखायच्याच. वड उघड्या खोडावर कुठूनही फुटतो. पाइनची बोडकी फांदी बहुतेक वेळा परत फुटत नाही.

नाशिकची कात्री

हे सगळे वाचताना द्राक्षबागायतदाराला आपल्याच बागेची आठवण व्हावी. द्राक्षवेल मुळात थंड हिवाळ्याच्या मुलखातली. युरोपात ती हिवाळ्यात पाने गाळून झोपते आणि तिची मुख्य छाटणी वर्षातून एकदा होते. नाशिकच्या हिवाळ्यात वेल तशी झोपत नाही. म्हणून इथल्या शेतकऱ्याने वर्षाचे दोन भाग केले. एप्रिलच्या खरड छाटणीत काडी एका डोळ्यावर आणायची, नवी काडी वाढवायची, सातव्या पानाच्या आसपास शेंडा मारून सबकेन, म्हणजे उपकाडी, करायची. मग ऑक्टोबरच्या गोड्या छाटणीत त्या काडीवरून फळ घ्यायचे. डोळे सगळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची. थंड देशातल्या वेलीला उष्ण देशाचे पंचांग या लोकांनी शिकवले.

डाळिंबाचेही तसेच. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार यांतला कोणता धरायचा हे शेतकरी ठरवतो आणि पाण्याचा ताण देऊन झाडाला त्या वेळी फुलायला लावतो. झाडाचा जोर कुठे आहे, तो कुठे वळवायचा, कोणता डोळा राखायचा आणि कोणता खुडायचा, हे येवला, निफाड, चांदवडच्या शेतकऱ्याला रोजच्या कामातून कळते. काळ्या पाइनवर काम करणाऱ्या जपानी कारागिराची विद्या नेमकी हीच. म्हणून मला वाटते, येवल्यात बोन्साय शिकवायचा असेल तर पहिला वर्ग द्राक्षबागेत भरवावा.

येवल्याचा हिशेब

आता दोन्ही मुलखांतला फरक पाहू. ताकामात्सू ३४ अंश उत्तरेला, येवला २० अंशांवर. जूनमध्ये तिथे दिवस सुमारे साडेचौदा तासांचा असतो, इथे सव्वातेरा तासांचा. तिथला जानेवारी पाइनला गाढ झोपवतो. इथली थंडी तेवढी नाही, पण अगदी नाहीही म्हणता येणार नाही. शेजारच्या निफाडच्या गहू संशोधन केंद्रात काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली उतरल्याच्या बातम्या येतात. कोकणापेक्षा आणि मुंबईपेक्षा हा पट्टा पाइनला जास्त मानवेल तो याच कारणाने. कॅलिफोर्नियातल्या आतल्या भागात चाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही काळा पाइन बोन्साय म्हणून वाढवला जातो, तेव्हा उष्णतेची भीती एका मर्यादेपर्यंतच बाळगावी.

आपल्याकडे कळी हलण्याआधी, म्हणजे जानेवारीत कुंडी बदलावी. फांद्यांना वळण देणारी तार डिसेंबर-जानेवारीत लावावी, तेव्हा रस मंदावलेला असतो. खत कोंब लांबू लागताच द्यावे, पण एप्रिलच्या तापाआधी हात आखडता घ्यावा. मे महिन्यात कुंडीची भिंत तापून मुळे भाजतात, म्हणून दुपारी कुंडीला सावली हवी. शेंड्याला मात्र ऊन मिळू द्यावे.

कोंबांची कापणी जूनमध्ये केली तर नवी पालवी जुलै-ऑगस्टच्या ढगाळ हवेत येईल. उजेड कमी पडला की सुया लांबतात आणि दमट हवेत बुरशी धरते. सटाण्याकडे अर्ली द्राक्षछाटणी करणाऱ्यांना पावसातल्या कोवळ्या फुटीवर डाऊनी (केवडा) रोगाशी कसे झुंजावे लागते, हे सगळा जिल्हा जाणतो. म्हणून उलटे मोजावे. डिसेंबरच्या मध्याला वाढ मंदावते असे धरले, तर शंभर दिवस मागे गेल्यावर सप्टेंबरचा पहिला आठवडा येतो. तेव्हा कापले की दुसरी पालवी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात उघडेल. हा माझा हिशेब आहे. प्रत्येकाने तो आपल्या गच्चीवर दोन-चार झाडांवर तपासावा आणि तारखा वहीत लिहून ठेवाव्यात.

मातीबद्दल मात्र तडजोड नको. येवल्याची काळी माती पाणी धरते, सुकली की तडकते. पाइनच्या मुळांना दोन्ही नकोसे. जपानात आकादामा मातीचे खडे आणि ज्वालामुखीचे सच्छिद्र खडे वापरतात. आपल्याकडे चाळलेला मुरूम, विटांचे बारीक खडे आणि थोडे कुजलेले शेणखत चालेल. पीठ झालेला भाग चाळून फेकावा. बोअरचे क्षारयुक्त पाणी सतत दिले तर सुया पिवळ्या पडतात. पावसाचे पाणी साठवून ते पाइनसाठी राखावे. कुंडी बदलताना मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये. ती पाइनची सोबतीण आहे आणि मुळांना पाणी व अन्न मिळवून देते. ती सगळी धुऊन काढू नये.

बी, तार आणि वर्षे

तयार झाड जपानहून आणण्याचा विचार आधी मनातून काढावा. १९०५ मध्ये नागासाकीजवळ पाइन अचानक वाळू लागले. त्यामागे उत्तर अमेरिकेतून आलेला सूक्ष्म सूत्रकृमी आहे हे १९७१ मध्ये सिद्ध झाले. भुंग्यांवाटे पसरणाऱ्या या कृमीने जपानची असंख्य झाडे मारली आहेत. हिमालयातली चीड आणि कैलची जंगले आपल्याला राखायची आहेत, म्हणून २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाचे नियम काटेकोरपणे पाळायलाच हवेत. बियांनाही परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते रीतसर मिळवावे.

बी एक दिवस पाण्यात भिजवून, ओल्या वाळूत घालून महिना-दीड महिना फ्रिजमध्ये ठेवावे आणि जानेवारी अखेरीस पेरावे. रोपे दीड-दोन महिन्यांची झाली की काही जण धारदार पात्याने मूळ पूर्ण कापून खोडाचा तुकडा पुन्हा वाळूत लावतात. त्यातून चारही बाजूंना पसरणारी मुळे येतात, आणि झाडाच्या बुडाशी दिसणारा तो पसारा बोन्सायचा पाया मानला जातो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी खोड कोवळे असतानाच तार लावून वळण द्यावे. तार रुतायच्या आत काढावी. खोड जाड व्हावे म्हणून एक फांदी मुद्दाम मोकळी वाढू द्यावी आणि काम झाले की कापावी. या काळात कोंबांची कापणी करायची नाही; ती तयार झाडासाठी आहे.

आकार ठरवताना किनाऱ्यावरचे झाड डोळ्यांपुढे आणावे. पहिली फांदी खाली, जाड आणि किंचित झुकलेली. वरच्या फांद्या क्रमाने आखूड. प्रत्येक थरात मोकळी हवा, म्हणजे खालच्या सुयांना ऊन मिळते. चांगली साल यायला पंधरा-वीस वर्षे लागतात. पैठणीच्या गावात धीराचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आपल्या मातीतले सोबती

महाराष्ट्रात बोन्सायची परंपरा आता रुजली आहे. मुंबईत इंडो-जपानीज असोसिएशनचा बोन्साय अभ्यास गट आहे. ज्योती आणि निकुंज पारेख या दाम्पत्याने उष्ण प्रदेशातल्या झाडांवरचे काम जगापुढे मांडले. प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ हे आंतरराष्ट्रीय अधिवेशन आणि प्रदर्शन भरले. मात्र मोठ्या शहरांबाहेर, तालुक्याच्या गावात हे काम पोहोचायला हवे.

पाइन वाढेपर्यंत येवल्यातल्या माणसाने दोन झाडे जवळ करावीत. पहिले सुरू. कोकणच्या किनाऱ्यावर ते काळ्या पाइनचेच काम करते, वारा आणि वाळू अडवते. त्याच्या सुया म्हणजे खरे तर बारीक हिरव्या फांद्या; पाने सांध्यांवरच्या इवल्या खवल्यांएवढी. इंडोनेशिया आणि तैवानमध्ये सुरूचे उत्तम बोन्साय होतात. त्याला सतत शेंडा खुडणे आणि न चुकता पाणी लागते. पाइनचा हात बसवायला ते चांगले.

दुसरे डाळिंब. जपानात डाळिंब हे बोन्सायचे जुने, आवडते झाड आहे, पिळदार खोडासाठी. आपल्याकडे भाव नसला किंवा वय झाले की बागा उपटल्या जातात आणि मनगटाएवढी खोडे सरपणात जातात. तेल्या किंवा मर रोग लागलेली झाडे सोडून, निरोगी बागेतली खोडे हिवाळा सरता सरता मुळांसह काढून छाटावीत, मुरमात लावावीत, आणि पहिले वर्षभर फक्त जगू द्यावीत. वीस वर्षांची जाडी आयती मिळते. शेतकऱ्याला चार पैसे सुटतील, आणि बोन्सायसाठी डोंगरातली झाडे चोरून खणण्याचा मोहही टळेल.

नाशिक जिल्ह्यातली बागायतदार मंडळे, कृषी विज्ञान केंद्रे आणि रोपवाटिकांनी मिळून हे काम हाती घ्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. छाटणी जाणणारी माणसे इथे गावोगाव आहेत. त्यांतल्या शंभर जणांनी एकेक पाइन, एकेक सुरू आणि एकेक डाळिंब लावून दहा वर्षे तारखांची नोंद ठेवली, तर दख्खनच्या पठारासाठी बोन्सायचे पहिले भरवशाचे पंचांग तयार होईल आणि ते मराठीत असेल. बी फ्रिजमध्ये घालायला डिसेंबर उजाडायला हवा. तोवर मुरूम चाळून ठेवावा.