फोटो पाहण्यात धोका कसला?

मालवण, आचरा, वेंगुर्ल्याच्या आपल्या घरांत ईदची मुबारकबाद आता फोनवर येते. कुवेत-दुबईहून मुलाबाळांचे फोटो येतात, बंदरावरून मासळीचे फोटो व्यापाऱ्याला जातात. नुसता फोटो पाहिल्याने काय बिघडणार, असे आपण समजतो. सप्टेंबर 2023 मध्ये मात्र चित्रातूनही फोनमध्ये शिरता येते, हे जगासमोर आले.

इंटरनेटवरील पुष्कळ चित्रे 'वेबपी' प्रकारची असतात. ती उलगडून दाखवणारा गूगलचा 'लिबवेबपी' हा प्रोग्राम क्रोम, फायरफॉक्स आणि इतर कित्येक अॅपमध्ये असतो. त्यातच चूक निघाली. अॅपलचे सुरक्षा पथक आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी ती कळवली आणि 11 सप्टेंबरला क्रोमची दुरुस्ती आली.

ही चूक समजायला अवघड नाही. क्रेटमध्ये मावते त्याहून जास्त मासळी ओतली, तर ती शेजारच्या क्रेटमध्ये पडते. चित्र उलगडताना प्रोग्राम मेमरीत ठरावीक जागा राखतो. तिला 'बफर' म्हणतात. मुद्दाम बिघडवलेल्या चित्रातील माहिती त्या जागेत मावत नाही. प्रोग्रामने मोजून पाहिले नाही, तर ती शेजारच्या जागेत सांडते. तिथली माहिती बदलून हल्लेखोर फोनला आपल्या तालावर नाचवू शकतो. हाच 'बफर ओव्हरफ्लो'.

घाबरून जाण्याचे कारण नाही. असे हल्ले कठीण असतात आणि सहसा निवडक लोकांवर होतात. पण दुरुस्ती आपल्या फोनपर्यंत पोहोचली नाही, तर दार उघडेच राहते. आपल्याकडे नवा फोन मुलाला आणि जुना दादीला, ही रीतच आहे. त्याच जुन्या फोनमध्ये पेन्शनचे खाते आणि पासपोर्टचा फोटो असतो.

म्हणून आम्ही सुचवतो: प्ले स्टोअरमधून सगळी अॅप अपडेट करा. सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहा; ती फार जुनी असेल आणि नवे अपडेट येत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे अॅप ठेवू नका. व्हॉट्सअॅपमधील फोटो आपोआप डाउनलोड होणे बंद करा.

आणखी एक गोष्ट. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाअखेर 'एपीके' असेल, तर ती पत्रिका नाही, अॅप आहे. ती उघडू नका. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता 1930 वर फोन करा.

या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोन हातात घ्या आणि एवढे करून द्या.