३१ मार्च २०१३ नंतर नाशिकमध्ये केबल दिसणार होती का?

३१ मार्च २०१३ नंतर नाशिकमध्ये सेट टॉप बॉक्स नसेल, तर केबलवर टीव्ही दिसणार नाही, असं ठरलं होतं. देशातल्या ३८ शहरांच्या दुसऱ्या टप्प्यात आपलं शहर होतं. त्यात ३ एप्रिलला आयपीएल सुरू होणार होतं, म्हणजे ऐनवेळी केबलवाल्याचा फोन लागणं कठीणच होतं!

नवा टीव्ही घ्यायची गरज नाही. जुन्या डब्बा टीव्हीलाही बॉक्स जोडता येतो. फक्त लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा आहे का बघा. नसेल तर केबलवाल्याला आधीच सांगा. मात्र आजीच्या खोलीतल्या टीव्हीवर वेगळी मालिका बघायची, तर बॉक्सही वेगळा लागेल. घरावर डीटीएचची छत्री असेल तर काहीच करायचं नाही.

हे सगळं कशासाठी? तोपर्यंत केबलवाला सांगेल तेवढीच घरं मोजली जायची. सरकारचा कर आणि चॅनलवाल्यांचे पैसे तिथेच गळायचे. त्यानंतर प्रत्येक बॉक्सची नोंद राहणार होती.

म्हणून फॉर्म स्वतः भरून पावती घेणं गरजेचं होतं. ट्रायच्या २०१३ मधल्या नियमाप्रमाणे किमान १०० फ्री टू एअर चॅनलचं पॅकेज महिना १०० रुपये अधिक करात मिळायला हवं होतं. तेवढंच हवं असेल तर फॉर्मवर तसंच लिहावं लागायचं, नाहीतर महागडं पॅकेज गळ्यात पडलं असतं.