ताळा जुळला, मग गाणे

निवृत्त माणसाला घरात दोनच प्रश्न वारंवार विचारले जातात. चहा घेणार का, आणि आता नवीन काय काढलंत? गेल्या दसऱ्याला दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘सीडी’ असे होते. बँकेतल्या नोकरीत बदली होईल त्या गावी मी सीडी घेत गेलो. भीमसेन, किशोरीताई, कुमारजी असे करता करता कपाटात साडेतीनशे जमल्या. पण प्लेअर अडखळू लागला. शेवटी मुलीने पुण्याहून संगणकाला बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह पाठवला आणि कोपरगावच्या घरात मी सगळे गाणे संगणकात उतरवायला बसलो.

मला वाटले होते, फाइल उचलून ठेवण्याइतकेच हे काम असेल. तसे ते नाही. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर गाणे आकड्यांत लिहिलेले असते. डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूसाठी सेकंदाला ४४,१०० आकडे! ओरखड्यामुळे काही आकडे वाचता आले नाहीत, तर सोबत लिहिलेल्या जादा आकड्यांवरून ते परत काढता येतात. नुकसान त्याहून मोठे असेल, तर प्लेअर मागचापुढचा आकडा पाहून मधला अंदाजाने भरतो. ऐकणाऱ्याला बहुधा कळतही नाही. बँकेत न जुळलेली रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाणारे कारकून मी पाहिले आहेत. हा त्यांचाच भाऊ.

म्हणून मी ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा मोफत मिळणारा प्रोग्रॅम घेतला. संशय आला की तो तीच जागा पुनःपुन्हा वाचतो. मग प्रत्येक गाण्याच्या आकड्यांवरून एक ताळ्याचा आकडा काढतो आणि जगात इतरांनी तीच सीडी उतरवताना आलेल्या आकड्याशी ताडून पाहतो. जुळला, की निश्चिंत. दिवसअखेर कॅश जुळल्यावर व्हायचा तोच आनंद मला चार महिने रोज मिळाला.

साठवायचे ‘फ्लॅक’ पद्धतीने. १२८ च्या एमपी थ्रीमध्ये मूळ माहितीचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. बाकीचे ‘कानाला कळत नाही’ म्हणून टाकून दिलेले असते. फ्लॅक काही टाकत नाही. गोधडी घडी घालून ट्रंकेत ठेवावी तसा प्रकार. जागा साधारण निम्मी लागते आणि उलगडली की टाका न् टाका जागेवर. साडेतीनशे सीडी सव्वाशे जीबीत बसल्या.

दोन गोष्टी अनुभवाने शिकलो. सीडी मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल पुसली तर ओरखडा वाचनाच्या मार्गावरच लांबत जातो. गाळपाच्या हंगामात कारखान्याची काजळी अंगणात उतरते, त्यामुळे आमच्याकडे पुसणे चुकत नाही. दुसरे म्हणजे नावे स्वतः लिहावीत. आयत्या मिळणाऱ्या यादीत एकाच गायकाची तीन स्पेलिंगे असतात आणि तबल्या-पेटीवर कोण, ते नसतेच. ते फक्त सीडीच्या वेष्टनावर असते. वेष्टन गेले की साथीदारही गेला. मी राग, ताल, साथ सगळे देवनागरीत लिहिले.

‘‘अहो, ऐकणार कधी? नुसत्या भरतच बसलाय,’’ ही म्हणाली. खरे होते. शिवाय साठीनंतर कानाला वरचे सूर कमीच ऐकू येतात. पण माझी ओढ एका सीडीकडे होती आणि तिला हात लावायला मी घाबरत होतो.

वडील दर गुरुवारी भजनाला बसत. १९८८ साली टेप केलेले त्यांचे तासाभराचे भजन मी २००५ मध्ये सीडीवर करून घेतले. कॅसेट पुढे घर बदलताना गेली. घरी लिहिलेल्या सीडीत साच्यातून दाबलेले खळगे नसतात. रंगाच्या थरावर लेसरने उमटवलेल्या खुणा असतात आणि उष्णतेने, उजेडाने तो रंग खराब होतो. कोपरगावचे वीस उन्हाळे तिने काढले होते.

महाशिवरात्रीच्या सुमारास ती लावली. इथे ताडून बघायला जगात दुसरा कोणी नव्हता. प्रत एकच. मग दोनदा वाचून तिचा ताळा तिच्याशीच लावायचा. अकराव्या मिनिटाला तो जुळेना. भाच्याच्या जुन्या संगणकावर पुन्हा लावली. बाकी सगळे जुळले, पण एक सेकंद दर वेळी वेगळा येत राहिला.

तो जागा गुळगुळीत करून देणारे प्रोग्रॅम मिळतात. मी वापरले नाहीत. सोबतच्या नोंदीत ‘अकरावे मिनिट, एक सेकंद तूट’ असे लिहून ठेवले. एक प्रत मुलीकडे पुण्याला धाडली.

त्या रात्री आम्ही दोघांनी भजन पूर्ण ऐकले. अकराव्या मिनिटाला खर्रकन आवाज झाला आणि लगेच पुढे वडील गाऊ लागले. वाचकहो, तुमच्या कपाटात अशी एखादी सीडी असेल, तर ती आधी लावा. बाकीच्या थांबतील.