'ट्वीट करणे' : एका क्रियापदाची घडण

जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं नाव 'एक्स' झालं. ट्वीटला 'पोस्ट' आणि रीट्वीटला 'रीपोस्ट' म्हणायचं, असं कंपनीने ठरवलं. तरी 'मंत्र्यांनी ट्वीट केलं' हे आपल्याकडे अजून सर्रास ऐकू येतं. मालकाने सोडून दिलेला शब्द भाषेने का सोडला नाही, हे समजण्यासाठी तो आत कसा आला ते पाहावं लागतं.

२००६ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा कंपनीने नाव तेवढं दिलं होतं : पाखरांच्या किलबिलाटासाठीचा जुनाच इंग्रजी शब्द. एकेका संदेशाला 'ट्वीट' म्हणायला सुरुवात केली ती वापरणाऱ्यांनी आणि या सेवेसाठी बाहेरून ॲप बनवणाऱ्यांनी. दुसऱ्याचा संदेश पुढे देताना आधी 'आरटी' लिहायचं, ही पद्धतही लोकांचीच. रीट्वीटचं बटण कंपनीने २००९ मध्ये आणलं. हॅशटॅगची कल्पना २००७ मध्ये ख्रिस मेसिना या वापरकर्त्याने मांडली. मला यातच सगळ्याचं मूळ दिसतं. वापरणाऱ्यांनी स्वतःच्या गरजेपोटी घडवलेला शब्द त्यांच्या बोलण्यात आधीच मुरलेला असतो.

पुढे प्रत्येक भाषेने तो आपापल्या रीतीने घेतला. स्पॅनिशने स्पेलिंगच बदललं, 'तुइत' हे नाम केलं, त्याला आपला प्रत्यय लावून 'तुइतेआर' हे क्रियापद आणि ट्वीट करणाऱ्यासाठी 'तुइतेरो' घडवलं. स्पॅनिश अकादमीच्या २०१४ च्या कोशात हे शब्द आले. जर्मनने 'ट्विटर'ला नुसता 'न' जोडला. जपानीत ट्वीट करण्याला 'त्सुबुयाकु', म्हणजे पुटपुटणे, हे घरचंच क्रियापद रूढ झालं.

मराठीची रीत वेगळी. परक्या नामाला आपण सहसा थेट '-णे' लावत नाही; शेजारी 'करणे' उभं करतो. 'फोन करणे'च्या साच्यात 'ट्वीट करणे' सहज बसलं. लिंगही ठरलं : ते ट्वीट, ती पोस्ट, तो मेसेज. कोणत्याही समितीने हे ठरवलेलं नाही, तरी त्यावर फारसं दुमत होत नाही. मग विभक्ती आली, 'ट्वीटमध्ये', 'ट्वीटला'. 'टिवटिव' हा आवाजाने आणि अर्थाने जवळचा शब्दही हाताशी होता, पण त्यात हेटाळणीचा सूर आहे. बातमीत तो चालला नसता. आणि बातमीनेच तर हा शब्द, ट्विटर कधी न उघडलेल्या माणसांपर्यंत नेला.

कंपन्यांना मात्र अशा लोकप्रियतेची धास्ती असते. नाव त्या प्रकारच्या सगळ्याच वस्तूंचं होऊन बसलं, तर त्यावरचा कायदेशीर हक्क जाऊ शकतो. अमेरिकेत 'ॲस्पिरिन'चं १९२१ मध्ये आणि 'एस्कलेटर'चं १९५० मध्ये तसंच झालं. २०१२ मध्ये स्वीडनच्या भाषा परिषदेने 'गूगल'वरून घडलेला, 'सर्च इंजिनने वेबवर न सापडणारं' अशा अर्थाचा शब्द नव्या शब्दांच्या यादीत घेतला होता; गूगलने व्याख्या बदलायला सांगितल्यावर परिषदेने २०१३ मध्ये तो यादीतूनच काढला. अशा दबावाने लोकांचा वापर थांबत नाही, आणि त्या वापराने हक्क दर वेळी जातोच असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने म्हटलं, की लोक 'गूगल'चं क्रियापद करतात एवढ्यावरून तो ट्रेडमार्क संपत नाही.

प्रत्येक नावाचं क्रियापद होतंच असंही नाही. आपण झेरॉक्स 'काढतो', कारण फोटोही काढतो. 'मला व्हॉट्सॲप कर' म्हणतो, कारण तिथे 'मला फोन कर'ची जागा तयार होती, समोर एक माणूस होता. फेसबुक मात्र चावडीसारखं, तिथे जाऊन सगळ्यांपुढे काही मांडायचं. म्हणून 'फेसबुकवर टाकलं'. 'एक्स'चंही तेच झालं. 'त्यांनी एक्स केलं' यातून काहीच कळत नाही, म्हणून बातम्यांत 'एक्सवर पोस्ट केली' असं येतं : कंपनीच्या नावाला फक्त '-वर' मिळालं आणि क्रिया 'पोस्ट'कडे गेली.