जुन्या मोटारीचे स्टेअरिंग लॉक सुटेना तर



बटणाने सुरू होणाऱ्या जुन्या मोटारी आता गावातही आल्या आहेत. रात्री अडलेल्या सुनेला दवाखान्यात न्यायचे असते आणि नेमके तेव्हाच स्टेअरिंग सुटत नाही. असे का होते?

गाडी बंद केली की स्टेअरिंगच्या दांड्यात पोलादी खुंटी बसते. साध्या लॉकमध्ये ती चावीने सुटते. इलेक्ट्रॉनिक लॉकमध्ये छोटी मोटर ती मागे ओढते. खुंटी सुटल्याचा इशारा मिळेपर्यंत पुष्कळ गाड्यांचे इंजिन सुरूच होत नाही.

मग करायचे काय?

१. आधी बॅटरी बघा. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी उभी असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली असेल तर चार्ज करा. टर्मिनल साफ करून घट्ट आवळा.

२. चाके वळवून किंवा दगडाला टेकवून गाडी लावली की खुंटीवर ताण येतो. ब्रेक दाबून, स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलके हलवत बटण दाबा.

३. जोर लावू नका. हातोडी तर नकोच.

बटण दोन-तीनदा दाबावे लागते, स्टेअरिंगचा दिवा लागतो, ही पूर्वसूचना समजा आणि जाणकार मेकॅनिकला लगेच दाखवा. तारा जोडून तात्पुरते भागवू नका. चालत्या गाडीत खुंटी बसली तर वळणच घेता येणार नाही.

बैल लंगडू लागला की आपण त्याला औताला जुंपत नाही. गाडीचेही तसेच आहे बघा.